एमपीएमएस-३ : मोमेंट मोजायला अव्वल, पण क्रिटिकल एक्स्पोनंटचं गाडं तापमानावर अडतं

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या क्वांटम डिझाइन कंपनीचं एमपीएमएस-३ हे स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे सुपरकंडक्टिंग संवेदकाने नमुन्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र, चुंबकीय पदार्थांवर काम करणाऱ्या बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत असतं. त्याची परीक्षणं सहसा 'किती लहान सिग्नल दिसतो' या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. इथे प्रश्न वेगळा आहे. अव्यवस्थित चुंबकांचे, म्हणजे मिश्रधातू, अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेले) रिबन, विरल केलेले (काही चुंबकीय अणूंच्या जागी अचुंबकीय अणू घातलेले) अँटीफेरोमॅग्नेट (शेजारचे अणू-चुंबक एकाआड एक उलटे असलेले पदार्थ) आणि स्पिन ग्लास (अणू-चुंबक अस्ताव्यस्त दिशांना गोठलेले पदार्थ) यांचे क्रिटिकल एक्स्पोनंट, म्हणजे चुंबकत्व उगवतं त्या तापमानाजवळचं वर्तन सांगणारे घातांक, काढायला आणि त्यावरून युनिव्हर्सॅलिटी क्लास (सारखेच घातांक असलेल्या पदार्थांचा गट) ठरवायला हे यंत्र कितपत कामाचं आहे?

थोडक्यात निकाल असा : मोमेंटला (नमुन्याचं एकूण चुंबकत्व मोजण्याला) दहापैकी साडेनऊ गुण, फील्डला (नमुन्याला लावलेल्या चुंबकीय क्षेत्राला) सात, तापमानाला सहा. आणि एक्स्पोनंट ठरतात ते नेमके शेवटच्या दोन गोष्टींवर.

आधी कागदावरचे आकडे पाहू. सुपरकंडक्टिंग मॅग्नेट ७ टेस्लाचा, तापमानाची कक्षा १.८ ते ४०० केल्विन, त्यापुढे १००० केल्विनपर्यंत जायचं तर ओव्हनचा वेगळा ऑप्शन. नमुन्याच्या नळीचा आतला व्यास ९ मिलिमीटर. व्हीएसएम मोडमध्ये (नमुना सतत हलवत मोजताना) कमी फील्डला संवेदनशीलता एका ईएमयूच्या (मोमेंटच्या एककाच्या) दहा कोटीव्या भागापर्यंत जाते आणि वरची मर्यादा १० ईएमयूच्या घरात आहे. एसी ससेप्टिबिलिटीचा (बदलत्या फील्डला नमुना किती प्रतिसाद देतो ते मोजण्याचा) ऑप्शन ०.१ हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ. फील्ड ४ सेंटिमीटर लांबीत ०.०१ टक्क्याइतकं एकसारखं. तापमानाची हमी मात्र अचूकतेसाठी १ टक्का किंवा अर्धा केल्विन, यातलं जे लहान असेल ते, आणि स्थिरतेसाठी ०.५ टक्के. प्रत्यक्षातली स्थिरता हमीपेक्षा कितीतरी चांगली असते हे खरं. तरी मोमेंटची हमी आणि तापमानाची हमी शेजारी ठेवून वाचली की यंत्राचा कल कुठे आहे ते कळतं.

आता कामाकडे वळू. Tसी, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ आपोआप चुंबक होतो ते क्रिटिकल तापमान, ३०० केल्विन असलेला फेरोमॅग्नेट (लोहासारखा चुंबक) घ्या. घातांकांचे नियम Tसीच्या अगदी जवळच खरे ठरतात. अव्यवस्थित पदार्थांत तर सापेक्ष अंतर, म्हणजे Tसीपासूनचं अंतर भागिले Tसी, हे ०.०१च्या आत असावं लागतं. म्हणजे फक्त ३ केल्विन. आतल्या बाजूने ०.००१च्या, म्हणजे ०.३ केल्विनच्या पलीकडे जाता येत नाही, कारण तिथे नमुन्यातली विषमता Tसी धूसर करते. हातात उरतो एक दशक (दहापटीचा पट्टा), त्यातच सगळा संसार. अनेक ठिकाणी ०.०५पर्यंतचा, म्हणजे १५ केल्विनचा पट्टा सर्रास वापरलेला दिसतो. त्यातून येतो तो 'परिणामी' घातांक (त्या पट्ट्यापुरता दिसणारा), खरा नव्हे, आणि दोन्हींतला फरक कोष्टकात कुठेच दिसत नाही.

Tसी किती नेमका लागतो याचा ढोबळ हिशेब करून पाहा. उत्स्फूर्त चुंबकन (फील्ड नसतानाही असणारं, दर आकारमानाचं मोमेंट) Tसीच्या खाली १ ते १० केल्विन या पट्ट्यात ०.३६५ या बीटाने (Tसीपासूनच्या अंतरावरच्या घातांकाने) वागतंय असं धरू. Tसी ०.२ केल्विनने वर धरला तर त्याच डेटातून बीटा ०.३९ निघतो, तेवढाच खाली धरला तर ०.३३५. आयझिंग प्रतिमानाचा (अणू-चुंबक एकाच अक्षावर) ०.३२६ आणि हायझेनबर्ग प्रतिमानाचा (अणू-चुंबक कुठल्याही दिशेला) ०.३६५ यांच्यातलं सगळं अंतर ०.०३९ आहे. म्हणजे २०० मिलिकेल्विनच्या चुकीत युनिव्हर्सॅलिटी क्लास बदलल्यासारखा दिसतो. मोमेंट आठव्या दशांशापर्यंत मोजला तरी इथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. तापमापी सर्वत्र सारखीच अर्धा केल्विन चुकत असेल तर काही बिघडत नाही, कारण Tसीही तेवढाच सरकतो आणि वजाबाकीत चूक निघून जाते. नडतो तो विलंब. तापमापी नमुन्याच्या चेंबरला लावलेली असते, नमुन्याला नव्हे. नमुन्यापर्यंत उष्णता पोचते ती नळीतल्या थोड्याशा हेलियम वायूतून आणि होल्डरमधून. मिनिटाला १ केल्विन वेगाने स्वीप करताना, म्हणजे न थांबता तापमान बदलताना, पडद्यावरचं तापमान आणि नमुन्याचं तापमान यांत अंतर राहतं, आणि क्वार्ट्झच्या होल्डरवर चिकटवलेल्या जाड तुकड्यात ते जास्त असतं. ते ओळखायचं सोपं आहे : तोच पट्टा एकदा वर जाताना, एकदा खाली येताना मोजा. दोन वक्रांमधल्या अंतराच्या निम्मं म्हणजे तुमचा विलंब. तो ०.०५ केल्विनपेक्षा जास्त असेल तर स्वीप सोडा आणि पायरीपायरीने स्थिर करून मोजा. Tसीच्या दोन्ही बाजूंना ५ केल्विनपर्यंत पाव केल्विनच्या पायऱ्या, त्यापलीकडे १ केल्विनच्या, आणि प्रत्येक पायरीवर 'स्थिर' असं दिसल्यानंतर आणखी ५ ते १० मिनिटं. मल्टिव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये तापमान गाठण्याचे दोन प्रकार आहेत, फास्ट सेटल आणि नो ओव्हरशूट. इथे दुसराच घ्यावा. फास्ट सेटल लक्ष्य ओलांडून परत येतो, आणि Tसीच्या खाली डोमेन (एकाच दिशेने चुंबकित झालेले भाग) तयार झालेले असताना किंवा स्पिन ग्लासमध्ये तो प्रवास नमुना विसरत नाही.

Tसी वेगळ्याच मापनातून आणून इथे चिकटवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. १०० ओर्स्टेडला (१०,००० ओर्स्टेड म्हणजे १ टेस्ला) चुंबकनाचा उतार जिथे सर्वांत तीव्र, तो बिंदू म्हणजे Tसी नव्हे. फील्ड बदललं की तो सरकतो, आणि डीमॅग्नेटायझेशनमुळे (नमुन्याचं स्वतःचं चुंबकन आतलं फील्ड घटवतं त्यामुळे) आणखी सरकतो. Tसी त्याच आयसोथर्मच्या (एका स्थिर तापमानाला घेतलेल्या फील्ड-चुंबकन वक्रांच्या) संचातून निघाला पाहिजे.

फील्डची गोष्ट थोडी विचित्र आहे. पडद्यावर दिसणारं फील्ड मोजलेलं नसतं. मॅग्नेटमधल्या करंटवरून काढलेलं असतं. सुपरकंडक्टिंग तारेत फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) अडकून राहतो. ७ टेस्लाला जाऊन शून्यावर आलात की पडद्यावर शून्य दिसतं, पण नमुन्याला काही ओर्स्टेड ते दोनतीन डझन ओर्स्टेड उलट्या दिशेचं फील्ड लागत असतं. नमुना मऊ फेरोमॅग्नेट असेल तर हिस्टेरिसिस लूप (फील्ड वाढवताना आणि कमी करतानाच्या वक्रांचा फास) चक्क उलटा, म्हणजे ऋण कोअर्सिव्हिटीचा दिसतो. हे बघून कुणी नवं भौतिकशास्त्र सापडल्याची घोषणा करू नये. यात यंत्र बिघडलेलं नाही, सगळ्याच सुपरकंडक्टिंग मॅग्नेटांचा हा स्वभाव आहे, आणि कंपनी स्वतःच्या तांत्रिक टिपांत ते उघड सांगते. उपाय तीन. एक, शून्यावर येताना ऑसिलेट मोड वापरणं, म्हणजे फील्ड वरखाली करत कमी करणं. दोन, मॅग्नेट रीसेट, म्हणजे मॅग्नेट तापवून क्षणभर नॉर्मल अवस्थेत नेऊन अडकलेला फ्लक्स सोडून देणं. तीन, त्याच क्रमाने पॅलेडियमचा प्रमाणित तुकडा मोजून खरं फील्ड काढणं. पॅलेडियमची ससेप्टिबिलिटी २९८ केल्विनला ५.२५ भागिले १० लाख ईएमयू प्रति ग्रॅम प्रति ओर्स्टेड. मोमेंट भागिले वस्तुमान भागिले हा आकडा, झालं खरं फील्ड. तिसरा उपाय कंटाळवाणा वाटतो, पण प्रकाशित करायच्या डेटासाठी तोच खात्रीचा.

त्याहून मोठी भानगड डीमॅग्नेटायझेशनची. नमुन्याच्या आतलं फील्ड म्हणजे बाहेरचं फील्ड वजा आकाराचा गुणक गुणिले चुंबकन. गोळीसाठी हा गुणक सीजीएस एककांत ४ पाय भागिले ३, म्हणजे साधारण ४.१९. Tसीजवळ चुंबकन १०० ईएमयू प्रति घन सेंटिमीटर असेल तर ४१९ ओर्स्टेड वजा करावे लागतात. बाहेर ५०० ओर्स्टेड लावलेत तर आत उरले ८१. इथे मोमेंटच्या कॅलिब्रेशनमध्ये १ टक्का चूक असेल तर वजाबाकीत ४ ओर्स्टेडची चूक, म्हणजे आतल्या फील्डमध्ये ५ टक्के. 'मोमेंट सरसकट १ टक्का चुकला तर घातांकाला काय फरक पडतो, तो तर गुणाकाराचा स्थिरांक' हे म्हणणं इथे फसतं.

ही १ टक्क्याची चूक येते कुठून? यंत्राचं कॅलिब्रेशन काही मिलिमीटर उंचीच्या पॅलेडियमच्या दंडगोलावर होतं. तुमचा नमुना आकाराने वेगळा असेल किंवा मध्यरेषेपासून कडेला चिकटवलेला असेल तर वाचन टक्का-दोन टक्के, कधी त्याहून जास्त सरकतं. डीसी स्कॅन (नमुना सावकाश सरकवून मोजणं) आणि व्हीएसएम या दोन मोडांत ते वेगवेगळं सरकतं, म्हणून एका नमुन्याचा अर्धा डेटा एका मोडमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात घेऊ नये. व्हीएसएममध्ये नमुना १४ हर्ट्झच्या आसपास हलतो आणि सिग्नल दुपटीच्या वारंवारितेवर वाचला जातो. सुटी पूड असेल तर ती या हालचालीत सरकते आणि फील्डमध्ये फिरते. पूड दाबून गोळी करा किंवा मेणात थिजवा.

डीमॅग्नेटायझेशनचा गुणक पुस्तकातल्या आकृतीवरून घेण्याऐवजी डेटातूनच काढा. Tसीच्या बरंच खाली, शंभर-दोनशे ओर्स्टेडच्या आत, फेरोमॅग्नेट आतलं फील्ड जवळजवळ शून्यावर ठेवतो. त्या सरळ रेषेत फील्ड भागिले चुंबकन म्हणजेच गुणक. हा गुणक त्याच यंत्राच्या, त्याच मोडच्या, त्याच चुकीच्या मोमेंटमध्ये व्यक्त झालेला असतो, त्यामुळे कॅलिब्रेशनची चूक वजाबाकीत आपोआप गळून पडते. पाच मिनिटांचं काम, फायदा मोठा. मात्र अडकलेलं फील्ड आधी काढलेलं हवं, नाहीतर रेषा शून्यातून जाणार नाही.

नमुना किती मोठा? २ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं आकारमान ०.००४२ घन सेंटिमीटर. चुंबकन १००० ईएमयू प्रति घन सेंटिमीटर असेल तर मोमेंट ४.२ ईएमयू, म्हणजे वरच्या मर्यादेच्या नको तितकं जवळ. १ मिलिमीटरची गोळी ०.५२ ईएमयू देते, ती पुरे. आणि इथेच प्रश्न उभा राहतो : अर्धा ईएमयू मोजायला दहा कोटीव्या भागाची संवेदनशीलता कशाला हवी? नको आहे. साध्या फेरोमॅग्नेटच्या घातांकांसाठी चांगल्या तापमान-नियंत्रणाचं नेहमीचं व्हीएसएम तितकंच चालतं. त्यासाठी स्क्विडच्या वेळेचे पैसे मोजणं म्हणजे भाजी तोलायला सोनाराचा काटा आणणं. अमॉर्फस रिबन असेल तर गोळीही नको. पंचवीस-तीस मायक्रॉन जाडीची पट्टी लांबीच्या दिशेने फील्डमध्ये ठेवली की गुणक अगदी लहान होतो, आणि वरची सगळी डोकेदुखी कमी होते.

आयसोथर्म घेण्याचा क्रम असा ठेवावा. नमुना Tसीच्या वर १५-२० केल्विन न्या, फील्ड शून्य करा, शून्य फील्डमध्ये लक्ष्य तापमानाला आणा, थांबा, मग फील्ड एकाच दिशेने वाढवत न्या. १ किलोओर्स्टेडपर्यंत दाट बिंदू, नंतर ५ टेस्लापर्यंत विरळ, एकूण साठेक. फील्ड स्थिर करून मोजायचं म्हटलं तर एका आयसोथर्मला तापवणं-निववणं धरून तास जातो. चाळीस आयसोथर्म म्हणजे सलग चाळीस तास. वेळ वाचवण्यासाठी खालून वर ओळीने आयसोथर्म घेत जाणं आणि मधे Tसीच्या वर न जाणं हा मोह होतो. मग प्रत्येक आयसोथर्ममध्ये आधीच्या फील्डची शेपटी राहते.

तापमान ५० केल्विनच्या आसपास असेल तर ऑक्सिजनची शंका घ्या. चेंबरमध्ये शिरलेली हवा गोठली की ऑक्सिजनचं चुंबकन तिथे उंचवटा दाखवतं. घन ऑक्सिजन ५४ केल्विनला वितळतो आणि ४४ व २४ केल्विनला रचना बदलतो. नमुना बदलल्यावर चेंबर दोनतीनदा शुद्ध हेलियमने धुऊन काढला की प्रश्न मिटतो. सच्छिद्र गोळीत मात्र हवा अडकून राहते, तिला आधी पंपाखाली ठेवावं. मँगनाइटवाल्यांना (मँगनीज असलेल्या ऑक्साइडांवर काम करणाऱ्यांना) दुसरा पाहुणा भेटतो, एमएन-३ओ-४ हे मँगनीजचं ऑक्साइड. तो ४२-४३ केल्विनला फेरिमॅग्नेटिक होतो.

डेटा हातात आल्यावर पुढचं काम यंत्राचं नाही, पण यंत्राची किंमत वसूल होते की नाही ते इथेच ठरतं. नेहमीचा मार्ग मॉडिफाइड अ‍ॅरट प्लॉटचा, १९६७च्या अ‍ॅरट-नोक्स समीकरणावर आधारलेला : चुंबकनाचा एक भागिले बीटा घात उभ्या अक्षावर, 'फील्ड भागिले चुंबकन' याचा एक भागिले गॅमा (ससेप्टिबिलिटीचा घातांक) घात आडव्यावर, रेषा समांतर व्हायला हव्यात. त्यातून उत्स्फूर्त चुंबकन आणि शून्य-फील्ड ससेप्टिबिलिटी काढायची, मग १९६४ची कूवेल-फिशर पद्धत लावून बीटा, गॅमा आणि Tसी, ते पुन्हा प्लॉटमध्ये, पुन्हा तेच. ही फेरी जिथून सुरू करावी तिथेच घुटमळते, हा तिचा दोष. म्हणून एकदा आयझिंगच्या (०.३२६, १.२३७) आणि एकदा हायझेनबर्गच्या (०.३६५, १.३८६) आकड्यांपासून सुरुवात करा. दोन्ही फेऱ्या एकाच जागी पोचल्या तरच उत्तर खरं माना. नाहीतर फील्डची खालची मर्यादा आणि तापमानाचा पट्टा बदलून पाहा. घातांक पट्ट्याबरोबर एकाच दिशेने सरकत असेल तर तुम्ही अजून क्रिटिकल भागात पोचलेलाच नाहीत.

क्रिटिकल आयसोथर्मवरून (नेमक्या Tसीला घेतलेल्या वक्रावरून) काढलेल्या डेल्टाला (फील्डबरोबर चुंबकन कसं वाढतं ते सांगणाऱ्या घातांकाला) फार किंमत देऊ नये. हे बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण हिशेब साफ आहे. शुद्ध आयझिंगचा डेल्टा ४.७९. हायझेनबर्गचा ४.७८. विरल केलेल्या आयझिंगचा, ईटा (अंतराबरोबर चुंबकीय सहसंबंध कसा घटतो त्याचा घातांक) ०.०३६ धरून, पुन्हा ४.७९. एमपीएमएस-३ काय, कुठल्याच यंत्राला यांतला फरक दिसणार नाही. डेल्टा एवढंच सांगतो की तुमचा पदार्थ मीन-फील्डचा (सरासरी फील्ड धरणाऱ्या सोप्या सिद्धांताचा), म्हणजे ३चा, नाही. तसंच 'डेल्टा बरोबर १ अधिक गॅमा भागिले बीटा' हा विडमचा संबंध जुळला म्हणून टाळ्या वाजवायचं कारण नाही. बीटा, गॅमा आणि Tसी एकाच प्लॉटमधून काढल्यावर तो जुळणारच. स्केलिंगचे दोन वक्र लॉग-लॉग कागदावर सुरेख एकावर एक बसतात, तेही फसवं असतं. चारपाच दशकांच्या अक्षावर १० टक्क्यांचं अंतर रेषेच्या जाडीत लपतं. चुंबकनाचा वर्ग विरुद्ध फील्ड भागिले चुंबकन, दोन्ही स्केल केलेले, साध्या अक्षांवर काढा. मग खरी शिस्त दिसते.

आता मूळ प्रश्न : अव्यवस्था घातांक बदलते का? हॅरिसचा १९७४चा निकष सांगतो की शुद्ध पदार्थाचा उष्माधारकतेचा घातांक अल्फा धन असेल तर विरलीकरणाने युनिव्हर्सॅलिटी क्लास बदलतो, ऋण असेल तर नाही. त्रिमितीतल्या आयझिंगचा अल्फा ०.११, म्हणून तो बदलतो. हायझेनबर्गचा साधारण उणे ०.१३, म्हणून तो टिकतो. अमॉर्फस फेरोमॅग्नेटांमध्ये हायझेनबर्गचेच घातांक येतात, पण क्रिटिकल पट्ट्याच्या बाहेर परिणामी गॅमा तापमानाबरोबर फुगून मग उतरतो. स्फटिकात तो बहुधा असा फुगत नाही. हैदराबाद विद्यापीठात एस. एन. कौल यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केलं आणि १९८५ साली त्याचा सविस्तर आढावाही लिहिला. या यंत्रावर काम करणाऱ्याने परिणामी गॅमाचा हा आलेख काढल्याशिवाय एकच गॅमा छापू नये.

विरल आयझिंगचं दुखणं वेगळं. तिथे सिम्युलेशनमधून न्यू (सहसंबंधाच्या लांबीचा घातांक) ०.६८३ आणि ईटा ०.०३६ येतात, त्यावरून बीटा ०.३५४ आणि गॅमा १.३४. आता हे आकडे हायझेनबर्गच्या ०.३६५ आणि १.३८६ शेजारी ठेवा. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. बल्क मॅग्नेटायझेशनच्या कुठल्याही प्रामाणिक प्रयोगात हा फरक त्रुटीच्या आत येतो. म्हणजे एखाद्या अव्यवस्थित फेरोमॅग्नेटचा बीटा ०.३६ आला तर 'हायझेनबर्ग' म्हणावं की 'विरल आयझिंग', हे हे यंत्र सांगू शकत नाही. अ‍ॅनायसोट्रोपी (चुंबकत्वाचा ठरावीक दिशेकडचा कल) वेगळी मोजावी लागते, एक-स्फटिकावर वेगवेगळ्या दिशांनी. शिवाय विरल आयझिंगमध्ये स्केलिंगची दुरुस्ती (Tसीपासून दूर घातांकाच्या नियमात मिसळणारं जादा पद) फार सावकाश मरते, तिचा घातांक ०.३३च्या आसपास, शुद्ध आयझिंगच्या ०.८३च्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे दुरुस्तीची पदं फिटमध्ये घेतली नाहीत तर उत्तर पट्ट्यागणिक बदलतं.

आणि या वर्गाचा सर्वांत नीट अभ्यासलेला पदार्थ, लोह-जस्त फ्लोराइड, हा तर अँटीफेरोमॅग्नेट आहे. त्याचा ऑर्डर पॅरामीटर (चुंबकीय रचना किती जमली याचं माप) म्हणजे एकाआड एक उलटं होणारं चुंबकन. स्क्विडला ते दिसतच नाही, त्यासाठी न्यूट्रॉन हवेत. एमपीएमएस-३वर ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान याचा उतार काढून उष्माधारकतेसारखं वर्तन तेवढं मिळतं. तेही कमी फील्डमध्ये, कारण विरल अँटीफेरोमॅग्नेटला सोप्या अक्षावर फील्ड लावलं की तो रँडम-फील्ड आयझिंग (जागोजागी वेगवेगळं, यदृच्छ फील्ड लागल्यासारखा) बनतो, हे फिशमन आणि अहरोनी यांनी १९७९ साली दाखवलं. ५ टेस्ला लावून 'सिग्नल छान आला' म्हणणारा वेगळाच पदार्थ मोजत असतो. नमुन्याची एकसारखी घडण इथे जीवघेणी. शुद्ध लोह फ्लोराइडचं नील तापमान (अँटीफेरोमॅग्नेटचा Tसी) ७८.४ केल्विन, आणि ते लोहाच्या प्रमाणाबरोबर जवळपास सरळ उतरतं. स्फटिकाच्या लांबीत प्रमाण ०.१ टक्का बदललं तर नील तापमान ०.०८ केल्विनने पसरतं. अशा वेळी मोठ्या तुकड्याऐवजी ग्रेडियंटला आडवा कापलेला पातळ काप घ्यावा. सिग्नल कमी होतो, पण इथे, शेवटी एकदाचा, स्क्विडच्या संवेदनशीलतेचा उपयोग होतो.

स्पिन ग्लासमध्ये तर या यंत्राला तोड नाही. शर्त एवढीच, की ऑप्शन योग्य हवेत. तिथे नेहमीची ससेप्टिबिलिटी अनंताकडे जात नाही, नॉनलिनिअर (फील्डच्या वर्गाबरोबर बदलणारा भाग) जाते. ती काढायची तर वेगवेगळ्या लहान फील्डला चुंबकन भागिले फील्ड मोजून फील्डच्या वर्गाविरुद्ध त्याचा उतार घ्यायचा. २० ओर्स्टेड लावताना ५ ओर्स्टेड अडकलेलं असेल तर चूक थेट २५ टक्के. म्हणून फ्लक्सगेटसह (लहान फील्ड मोजणाऱ्या संवेदकासह) येणारा अल्ट्रा-लो फील्ड ऑप्शन इथे चैन नाही, गरज आहे. तो नसेल तर निदान मॅग्नेट रीसेट, आणि त्यानंतर संपूर्ण मापन होईपर्यंत १ किलोओर्स्टेडच्या वर जायचं नाही.

एसी मापनात पुन्हा तापमानच आडवं येतं. तांबं-मँगनीजसारख्या स्पिन ग्लासमध्ये वारंवारिता दहापट झाली की गोठण-तापमान जेमतेम अर्धा टक्का सरकतं. ते २० केल्विन असेल तर दर दशकाला ०.१ केल्विन, आणि ऑप्शनची चारही दशकं वापरली तरी एकूण ०.४. डायनॅमिक घातांक हवा असेल तर शिखराची जागा १०-२० मिलिकेल्विनपर्यंत लागली पाहिजे. सगळ्या वारंवारिता एकाच स्थिर तापमानाला ओळीने मोजा, प्रत्येक वारंवारितेसाठी नवा स्वीप करू नका. धातूचा नमुना असेल तर १ किलोहर्ट्झला एडी करंट (धातूत उठणारे भोवरी विद्युतप्रवाह) आउट-ऑफ-फेज भागात (फील्डच्या मागे पडणाऱ्या सिग्नलमध्ये) घुसतात, त्याचे तुकडे लहान करा. निववण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ सिक्वेन्समध्ये लिहूनच ठेवा, कारण एजिंगमुळे (थांबलेल्या वेळात नमुना आतून बदलत राहतो त्यामुळे) दहा मिनिटं थांबलेला आणि तासभर थांबलेला नमुना हे दोन वेगळे नमुने असतात.

ग्रिफिथ्स फेजच्या (अव्यवस्थेमुळे Tसीच्या वरही चुंबकीय पुंजके उरलेल्या अवस्थेच्या) शोधात येणाऱ्यांसाठी एक सूचना. Tसीच्या वर व्यस्त ससेप्टिबिलिटी क्युरी-वाइसच्या (Tसीच्या बरंच वर अपेक्षित असलेल्या सरळ) रेषेखाली झुकली म्हणजे ग्रिफिथ्स फेज, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दुसऱ्या एखाद्या जास्त Tसीच्या फेरोमॅग्नेटिक अशुद्धीचा कण नेमका असाच झुकाव देतो. ५०, ५०० आणि ५००० ओर्स्टेडला मोजा, आणि Tसीच्या वरच्या आयसोथर्ममध्ये शून्याकडे वाढवलेली रेषा कुठे छेदते ते पाहा. तिथे उरणारं चुंबकन तापमानाबरोबर हलत नसेल तर ती अशुद्धी.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार कमी. मल्टिव्ह्यूचे सिक्वेन्स सरळ आहेत आणि रात्रभर निमूट चालतात. डीसी स्कॅनमध्ये डेटा फाइलमधले 'फिक्स्ड सेंटर' आणि 'फ्री सेंटर' हे दोन स्तंभ तेवढे समजून घ्यावेत. सिग्नल दणकट असताना दोन्ही जुळतात. Tसीच्या बरंच वर, होल्डरचा सिग्नल नमुन्याच्या तोडीचा झाला की फ्री सेंटर भलत्याच जागी केंद्र शोधतो आणि मोमेंट उडी मारतो. अशा वेळी फिक्स्ड घ्या, आणि रिकामा होल्डर त्याच तापमानांना मोजून वजा करा.

स्वतः विकत घ्यायचं की वेळ भाड्याने घ्यायची? फक्त फेरोमॅग्नेटांचे घातांक काढायचे असतील तर घेऊ नये. स्पिन ग्लास, विरल अँटीफेरोमॅग्नेट, पातळ फिल्म हे सगळं चालत असेल तर यासारखं दुसरं नाही. द्रव हेलियमचा नियमित पुरवठा नसलेल्या ठिकाणी क्रायोकूलरवर चालणारा एव्हरकूलचा ऑप्शन सुरुवातीलाच मागावा. भारतात बाहेरच्या संशोधकांना वेळ मिळवण्यासाठी आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल आहे, तिथे संस्थेनुसार यंत्र शोधता येतं. बुकिंग करताना 'एमपीएमएस-३ आहे का' एवढंच विचारून थांबू नका. एसी आहे का, अल्ट्रा-लो फील्ड आहे का, मॅग्नेट रीसेट करू देतात का, आणि सलग अट्ठेचाळीस तास मिळतील का, हे चार प्रश्न अर्जाआधीच विचारा. सहा-सहा तासांचे आठ स्लॉट मिळत असतील तर नकार द्या. प्रत्येक वेळी नमुना नव्याने लावला जाईल, केंद्र बदलेल, मधल्या कुणीतरी मॅग्नेट ७ टेस्लाला नेऊन ठेवलेला असेल, आणि आठ तुकड्यांतले आयसोथर्म एका प्लॉटवर समांतर येणार नाहीत.